नडगीवरची गाठ, किडनी ट्रान्सप्लांट आणि बुरशी: चोपड्याकडून विचारतोय

कपाशीतला_मास्तर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४६. २०१९ ला नाशिकला किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी आईने दिली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा गोळ्या चालू. क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की वाढतं तो रक्तातला आकडा) इतकी वर्षं १.२ च्या आसपास, तक्रार अशी नव्हतीच. डॉक्टरांनी शेतकाम करू नका म्हणून सांगितलं होतं, दादाने त्यातलं 'जास्त' शेतकाम करू नका असं ऐकलं. आमच्याकडे काळी जमीन, कपाशी. वेचणी आटोपली की पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) काढायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. गेल्या हंगामात पऱ्हाटीचा खुंट नडगीत घुसला. हळद दाबली, जखम भरली, विषय संपला.

काही महिन्यांनी त्याच जागी गाठ आली. सुपारीएवढी. दुखत नाही, लाल नाही, ताप नाही. जो तो म्हणाला चरबीची गाठ असेल. तालुक्याला एका सर्जनकडे काढून घेतली. आतून पिवळट-तपकिरी घट्ट पू निघाला. रिपोर्ट आला: फिओहायफोमायकोसिस, तपकिरी रंगाचे बुरशीचे तंतू दिसतात. घरात एकच रडारड. सगळ्यांच्या डोक्यात २०२१ चं करोनानंतरचं म्युकर (म्युकरमायकोसिस), डोळा काढला, जबडा काढला, तेच सगळं.

त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी बुरशीवरचं इट्राकोनॅझोल चालू केलं. नाशिकची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मात्र गेल्या आठवड्यापासून दादाचे हात थरथरतात. चहाचा कप उचलला की बशीवर वाजतो. डोकं दुखतं. काल रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.९.

विचारायचं असं, की ही बुरशी किडनीत गेली का? आणि या रोगाचा अनुभव असलेलं कुणी खान्देशात आहे का? नाव तरी कुणी ऐकलंय का?

---

मेडिकलवाला_भुसावळ

मास्तर, बाकीचं सगळं नंतर. हे वाचल्यावर आधी नाशिकला ट्रान्सप्लांट युनिटला फोन लावा. पुढच्या महिन्याची वाट बघू नका, उद्यावरही टाकू नका. स्वतःच्या मनाने टॅक्रोलिमस कमी करू नका आणि बंद तर मुळीच नको. फक्त एवढं सांगा: इट्राकोनॅझोल चालू केलंय, हात थरथरतात, क्रिएटिनिन १.९.

बुरशी किडनीत गेली असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं टॅक्रोची, म्हणजे टॅक्रोलिमसची, रक्तातली लेव्हल वर गेलीय. टॅक्रोलिमस शरीरात जिरवणारं एन्झाइम यकृतात आणि आतड्यात असतं. नावात 'कोनॅझोल' असलेली बहुतेक औषधं, म्हणजे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल आणि कमी प्रमाणात फ्लुकोनॅझोलसुद्धा, त्या एन्झाइमला अडवतात. डोस तोच राहतो आणि रक्तात औषध दुप्पट-तिप्पट साठतं. हात थरथरणं, डोकेदुखी, क्रिएटिनिन वाढणं, पोटॅशियम वाढणं, साखर वाढणं ही त्याचीच लक्षणं.

दादांना पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, चालू आहे का? असणारच, ट्रान्सप्लांटच्या प्रत्येक चिठ्ठीवर असतं. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल पोटात आम्ल असल्याशिवाय नीट विरघळत नाही. म्हणजे बुरशीसाठी औषध अपुरं आणि टॅक्रो चढवायला पुरेसं, अशी दोन्हीकडून मार. माझ्या काउंटरवर अशी चिठ्ठी आली तर मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो, आधी फोन करून या म्हणतो. शिव्या खातो, पण पाठवतो.

---

सूक्ष्मदर्शी

मी धुळ्याकडचा, सूक्ष्मजीवशास्त्र हा पेशा. भुसावळकरांनी तातडीचं सांगितलंच आहे, त्याला दुजोरा.

माझा एकच प्रश्न. गाठ काढल्यावर ती कशात घालून पाठवली होती?

---

कपाशीतला_मास्तर

फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं, रातोरात निघालो. टॅक्रो लेव्हल १८ आली! दादाची नेहमी ६ च्या आसपास असते. त्यांनी गोळी थांबवून मग अगदी कमी डोसवर आणली, लेव्हल परत करणार आहेत. इट्राकोनॅझोल सध्या बंद. भुसावळकर, तुमचे उपकार कसे फेडू?

सूक्ष्मदर्शी, गाठ फॉर्मॅलिनच्या डबीत घालून दिली होती. अख्खी. डबी मीच जळगावला लॅबला नेऊन दिली.

---

सूक्ष्मदर्शी

वाटलंच होतं. तुमचा यात काही दोष नाही, हे ऑपरेशन थिएटरमध्ये ठरायला हवं. गाठ निघाली की डबी फॉर्मॅलिनचीच पुढे येते, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तेवढंच लागतं. फॉर्मॅलिन पेशींचा आकार टिकवतं, पण त्यात पडलेली बुरशी मरते. मग पॅथॉलॉजिस्ट तुम्हाला 'बुरशी आहे' एवढं सांगू शकतो. 'कोणती' ते सांगायला ती जिवंत हवी, ती वाढवून बघावी लागते. त्यासाठी गाठीचा अर्धा तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये टाकून त्याच दिवशी कल्चरला द्यायचा. बस, एवढंच. खर्च काही नाही, एक जास्तीची डबी.

कोणती ते कळून काय फरक पडतो? सगळा फरक तिथेच पडतो. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसात अशा बुरशा शिरतात ज्या धडधाकट माणसाच्या वाट्याला क्वचित येतात, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनॅझोल उत्तम. तेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर काहीच करत नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. सिडोस्पोरियमवर उलट, अ‍ॅम्फोटेरिसिनचा भरवसा नाही, व्होरिकोनॅझोल बरं. क्रिप्टोकॉकसवर कॅस्पोफंगिन निरुपयोगी. लोमेंटोस्पोरा नावाची एक आहे, ती जवळपास कशालाच दाद देत नाही, तिथे व्होरिकोनॅझोलला टर्बिनाफिनची जोड देऊन बघतात. सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या काही इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या डोळ्यांनी पैज लावू नये.

दादांच्या रिपोर्टमधली जी बुरशी आहे ती काळसर बुरशांच्या गटातली. त्यांच्या पेशीभित्तीत मेलॅनिन असतं, आपल्या केसांत आणि कातडीत असतं त्याच प्रकारचं रंगद्रव्य. म्हणून तंतू तपकिरी दिसतात. रंग फिका असला तर फॉन्टाना-मॅसन नावाचं रंजन करून खात्री करतात. या बुरशा माती, कुजलं लाकूड, काटे, वाळली धसकटं यांवर राहतात. काटा घुसला की आत जातात आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतात. मग दुखत नसलेली गाठ. किडनी बदललेल्या शेतकऱ्याच्या पायावर किंवा हातावर अशी गाठ दिसली की आमच्या धंद्यात पहिला संशय हाच. २०२१ चं म्युकर वेगळ्या कुळातलं, त्याची चाल दिवसांची असते. हिची चाल महिन्यांची. घरच्यांना एवढं नक्की सांगा.

आणखी एक. आपल्या भागात पायाचा बुरशीरोग नवा नाही. मुंबईत काम केलेल्या हेन्री व्हँडाइक कार्टरने १८७४ साली अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाच्या मायसेटोमावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. मायसेटोमात गाठीला तोंडं पडतात आणि त्यातून दाणे निघतात. दादांच्या गाठीतून दाणे निघाले नसतील तर तो मायसेटोमा नव्हे, पण दोघांचा रस्ता एकच: माती, काटा, पाय.

आता काय करायचं? जळगावच्या लॅबकडे पॅराफिनचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) शिल्लक असेल, तो मागून घ्या आणि नाशिकला द्या. त्यातून डीएनए काढून ओळख पटवायचा प्रयत्न करता येतो, पण फॉर्मॅलिनने डीएनए तुटतो, त्यामुळे जमेलच असं नाही. जखमेच्या जागी परत फुगवटा आला तर मात्र कल्चरची संधी सोडू नका.

---

निसर्गमित्र

ॲलोपॅथीत बुरशीवर कायमचा इलाज नाही. माझ्या मामेसासऱ्यांना गुळवेल आणि हळदीच्या काढ्याने नखाची बुरशी गेली. रोज उपाशीपोटी द्या, प्रतिकारशक्ती वाढेल, शरीर आपोआप बुरशीला बाहेर टाकेल.

---

मेडिकलवाला_भुसावळ

निसर्गमित्र, नखाची बुरशी आणि ही, यांची तुलना नको. ट्रान्सप्लांटवाल्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम औषधं देऊन दाबलेली असते, कारण ती जागी झाली की पहिला हल्ला आईने दिलेल्या किडनीवर होईल. आणि गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस छापल्या आहेत. मास्तर, यातलं काही देऊ नका. पपनसही नको, ग्रेपफ्रूटच्या कुळातलं फळ आहे, टॅक्रो चढतो.

---

दुसरी_इनिंग

मी जळगावचा. किडनी बदललेला आणि म्युकर झालेला, दोन्ही. मास्तर, दादाला माझा नमस्कार सांगा.

मला मधुमेह आधी नव्हता. स्टेरॉइड आणि टॅक्रोने ट्रान्सप्लांटनंतर आला आणि साखर ३०० च्या पुढे जायची. २०२१ मध्ये करोना झाला, त्यातून उठतोय तोच एका बाजूचा गाल बधिर झाला. दाढी करताना ब्लेड लागलं ते कळलंच नाही, रक्त दिसल्यावर कळलं. बायकोने टॉर्च लावून टाळूवर काळा डाग बघितला. त्याच रात्री गाडी काढली.

सांगायचंय ते औषधाबद्दल. अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीचं जुनं हुकमी औषध, पण किडनीचा शत्रू. आधीच उसनी किडनी, त्यात हे. म्हणून लिपोसोमल प्रकारचं दिलं, वजनाच्या किलोमागे ५ मि.ग्रॅ. रोज. ते मिळवायला त्या मे महिन्यात भावाने किती गावं पालथी घातली ते तोच जाणे. ते साध्या सलाइनमध्ये चालत नाही, डेक्स्ट्रोजमध्येच चढवतात. पण त्याच्या आधी सलाइनची बाटली वेगळी देतात, किडनी जपायला. थंडी वाजून अंग हलायचं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज घसरायचं, रोज भरायचं. दोनदा नाकातून सडका भाग काढला. पुढे पोसाकोनॅझोलच्या गोळ्या, आणि त्यांच्यामुळे टॅक्रोचा डोस अगदी थोडा.

गाल अजून अर्धा बधिर आहे. किडनी चालू आहे, क्रिएटिनिन १.७ वर थांबलंय.

पैशांबद्दल: म्युकरचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मे २०२१ मध्ये मोफत केला होता, त्याचा आधार झाला. दादाच्या आजाराला योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. बाहेरून औषध आणायच्या आधी विचारा.

---

आबा_तापीकाठ

मास्तर भो, मन्हा साडूनी बी किडनी बदलेल शे. डॉक्टरनी सांगं, वावरमा जावानं नही. तो म्हने, मंग मी जगू काबर? आते वावर बटाईले दिधं, अन् तो बांधवर खुर्ची टाकीसन बसस अन् सगळासले शिव्या देस. तब्येत एकदम चांगली शे. घाबरानं काम नही.

---

नंदुरबारची_लेक

आबा 😀 आमच्या पप्पांना लिव्हर बदलल्यावर बांधावरही बसू देत नाहीत, घरात बसून शिव्या देतात.

अवांतर वाटेल पण विचारते. आमच्या वाड्याच्या माळ्यावर पारव्यांचा मुक्काम आहे, विष्ठेचा थर आहे. साफ करायला माणूस सांगितलाय. पप्पा त्याच घरात राहतात. दोन-तीन आठवड्यांपासून डोकं दुखतंय म्हणतात, बीपी नॉर्मल आहे. चष्म्याचा नंबर असेल असं वाटतंय. साफसफाई त्यांच्यादेखत नको ना?

---

डॉ_शालिग्राम

(मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर. इथे टोपणनावाने लिहितो, कुणाच्या दवाखान्याबद्दल बोलणार नाही.)

आधी नंदुरबारच्या ताई. साफसफाई थांबवा. आणि चष्म्याच्या दुकानाआधी पप्पांना त्यांच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, याच आठवड्यात. पारव्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस वाढते. ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथून मेंदूच्या आवरणात. ट्रान्सप्लांटवाल्या माणसात अनेकदा ताप नसतो, मान आखडत नाही, फक्त आठवडेच्या आठवडे डोकं दुखत राहतं. रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेनची तपासणी सोपी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पाठीतून पाणी काढून तपासतात आणि तेव्हाच आतला दाबही मोजतात, कारण दाब वाढलेला असला तर पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागतं. कदाचित काहीच नसेल, पण हे वगळल्याशिवाय 'काहीच नाही' म्हणू नये. माळा नंतर ओला करून साफ करा, मास्क लावलेल्या माणसाकडून, पप्पा दुसऱ्या घरी असताना.

आता मास्तर. तुमच्या भावाच्या उपचाराचे तीन पाय आहेत. एक शस्त्रक्रिया: गाठ भोवतालच्या आवरणासकट पूर्ण निघाली पाहिजे, नुसता पू काढून भागत नाही. दुसरा औषध. तिसरा, ज्याबद्दल नातेवाइकांशी बोलायला आम्ही टाळाटाळ करतो, तो म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी सैल करणं. बहुतेकदा आधी मायकोफेनोलेट कमी करतो. इथे दोरीवरची चाल आहे. फार सैल केली तर किडनी नाकारली जाण्याची भीती, आणि क्रिप्टोसारख्या आजारात एकदम सैल केली तर जागी झालेली प्रतिकारशक्तीच त्रास देते. किडनीच्या रुग्णात एक कठोर आधार असतो: जीव की किडनी अशी वेळ आली तर किडनी जाऊ देऊन डायलिसिसवर माणूस जगवता येतो. लिव्हर किंवा हृदयवाल्यांना ही सोय नाही. मी अशी वेळ आलेली पाहिली आहे, म्हणून लिहितो. दादांवर ती येईल असं आत्ता काहीही दिसत नाही.

व्होरिकोनॅझोल दिलं तर टॅक्रोचा डोस सुरुवातीलाच साधारण एक तृतीयांश करतात, मग तीन-पाच दिवसांत लेव्हल, मग पुन्हा लेव्हल. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. गोळी घेऊन मग रक्त दिलं की आकडा खोटा मोठा येतो आणि आम्ही डोस चुकीचा कमी करतो. खान्देशातून येणारे रुग्ण पहाटेची गाडी पकडतात आणि गाडीतच गोळी घेतात, मग सगळं मुसळ केरात. गोळी डबीत ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.

मेंदूचा एमआरआय सांगितला आहे का? नसेल तर विचारा. या काळसर बुरशांत क्लॅडोफियालोफोरा बँटियाना नावाची एक आहे, तिला मेंदूची ओढ. भारतातून तिच्या बऱ्याच केसेस नोंदल्या गेल्या आहेत. नाव कळेपर्यंत मेंदू स्वच्छ आहे हे बघून ठेवलेलं बरं.

औषध किती काळ? तीन-सहा महिने तरी, अनेकदा जास्त. हा आजार इतका दुर्मीळ आहे की मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत. आम्ही सगळे एकमेकांच्या केस रिपोर्टांवर चालतो.

---

कपाशीतला_मास्तर

डॉक्टरसाहेब, एमआरआय केला, स्वच्छ आहे. टॅक्रो ७ वर आला, थरथर थांबली, क्रिएटिनिन १.४.

पण जुन्या टाक्याच्या शेजारी बारीक गुठळी हाताला लागतेय. दादा म्हणतो टाक्याची आहे. मी सूक्ष्मदर्शींचं अर्धा तुकडा सलाइनमध्ये टाकायचं वाक्य मोबाईलवर डॉक्टरांना दाखवलं. ते हसले, म्हणाले आम्हाला माहीत आहे मास्तर, पण बरं केलंत.

---

सूक्ष्मदर्शी

माहीत असतंच. थिएटरमध्ये त्या क्षणी डबी समोर असणं महत्त्वाचं, म्हणून नातेवाइकाने आठवण केलेली चालते. लॅबच्या पावतीवर 'किडनी ट्रान्सप्लांट, पऱ्हाटी घुसल्याचा इतिहास, बुरशीचा संशय' हे लिहून घ्या. नाहीतर आमच्याकडे जिवाणूंचं कल्चर लागतं आणि दोन दिवसांत 'वाढ नाही' म्हणून प्लेट कचऱ्यात. या बुरशा सावकाश वाढतात, आम्ही चार-सहा आठवडे प्लेट सांभाळतो. तुकडा फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि म्युकरचा संशय असला तर लॅबमध्ये तुकडा कुटायचा नसतो, बारीक कापायचा. तिचे तंतू पोकळ, आडपडदे नसलेले, कुटले की मरतात. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल.

---

नंदुरबारची_लेक

डॉक्टर, अँटिजेन निगेटिव्ह! डोकेदुखी टॅक्रोची लेव्हल थोडी वर होती त्याची निघाली. डोस बदलला. पप्पा सध्या काकांकडे, माळा साफ झाला, खिडकीला जाळी बसवली. पारवे आता समोरच्या बँकेच्या छपरावर.

---

कपाशीतला_मास्तर

उशीर झाला लिहायला, कानबाईच्या रोटांच्या गडबडीत होतो.

गुठळी काढली, भोवतालच्या भागासकट. अर्धी सलाइनमध्ये, अर्धी फॉर्मॅलिनमध्ये, दोन्ही डब्या माझ्यासमोर भरल्या. त्याच संध्याकाळी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर तपकिरी तंतू दिसल्याचा फोन आला. कल्चर दुसऱ्या आठवड्यात वाढलं. लॅबच्या मॅडमनी नळी दाखवली: आधी ओलसर, चकचकीत काळी, नंतर कडेने मखमली, राखाडी-हिरवट. नाव एक्सोफियाला. पक्कं करायला जनुक तपासणीसाठी पुढे पाठवली, तिथूनही तेच आलं. आता व्होरिकोनॅझोल २०० मि.ग्रॅ. दोन वेळा, जेवणाआधी तासभर. इट्राकोनॅझोलही या बुरशीवर चाललं असतं म्हणाले, पण पॅन्टोप्राझोल बंद करता येत नाही आणि व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी तपासायची सोय त्यांच्याकडे आहे, म्हणून हे.

दादाचे प्रकार: संध्याकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासाने ट्यूबलाइटभोवती रंग दिसतात. पहिल्या दिवशी घाबरला, आता पोरांना 'कोणता रंग आला' ते सांगतो. उन्हात गेला की चेहरा भाजल्यासारखा लाल.

---

डॉ_शालिग्राम

रंग दिसणं ठाऊक असलेला परिणाम आहे, बहुधा काही दिवसांत कमी होतो. तोवर रात्री मोटरसायकल नको. नुसते रंग नसून माणसं किंवा प्राणी दिसायला लागले तर मात्र लेव्हल जास्त असते, लगेच कळवा. ऊन हा गंभीर मुद्दा. व्होरिकोनॅझोल दीर्घकाळ चालतं तेव्हा उन्हाने त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, फुप्फुस बदललेल्या रुग्णांत हे चांगलं दिसून आलंय. तुमच्याकडचं ऊन मला सांगायला नको. पूर्ण बाह्या, उपरणं, टोपी, सनस्क्रीन. अकरा ते चार घरात.

शेताबद्दल दादा विचारतीलच. पऱ्हाटी, उकिरडा, शेणखत, कडब्याची गंजी, धान्याच्या कोठीची झाडलोट ही कामं कायमची बंद. बांधावर फेरी मारायची तर गमबूट आणि जाड हातमोजे. काटा लागलाच तर त्याच दिवशी धुऊन, फोटो काढून आम्हाला पाठवा. हळद दाबून विसरू नका.

---

आबा_तापीकाठ

खुर्ची मी धाडस.

---

दुसरी_इनिंग

मास्तर, एक विचारून ठेवा. सेप्ट्रानची गोळी दादाची चालू आहे का? माझी बंद केल्यावर मला वाटलं होतं बुरशीचं संरक्षण गेलं म्हणून हे सगळं झालं.

---

डॉ_शालिग्राम

नाही, त्याचा संबंध नाही. ती गोळी न्यूमोसिस्टिस या एका बुरशीच्या न्यूमोनियासाठी असते, साधारण पहिले सहा-बारा महिने. म्युकर किंवा या काळसर बुरशांवर तिचा उपयोग नाही. तुमचं कारण साखर आणि करोनाच्या वेळचं स्टेरॉइड.

मास्तर, व्होरिकोनॅझोल सुरू करतानाची काळजी सगळे घेतात. बंद करतानाची राहून जाते. औषध थांबलं की एन्झाइम मोकळं होतं, आणि एक तृतीयांश डोसवर असलेल्या माणसाचा टॅक्रो आठवडाभरात तळाला जातो. बुरशी बरी झाली म्हणून पेढे वाटतात आणि पुढच्या महिन्यात रिजेक्शन घेऊन येतात. बंद करायचा निर्णय ट्रान्सप्लांट युनिटनेच घ्यायचा, त्याच दिवशी टॅक्रो वाढवायचा आणि त्याच आठवड्यात लेव्हल. मधल्या काळात कुणी टीबीच्या संशयाने रिफॅम्पिसिन लिहिलं तर तेही आम्हाला विचारून. ते दोन्ही औषधांना पाडतं.

---

कपाशीतला_मास्तर

हे दादाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून चिकटवलं. वहिनीने त्याचा फोटो काढून घेतलाय. बहुधा दिवाळीनंतर बंद करू म्हणाले आहेत, त्याआधी पायाची सोनोग्राफी.

---

मेडिकलवाला_भुसावळ

तारीख ठरली की मला आठ दिवस आधी सांगा. दादांना आता टॅक्रोच्या ०.५ मि.ग्रॅ.च्या कॅप्सूल लागतात, तेव्हा १ मि.ग्रॅ.च्या लागतील, त्याच कंपनीच्या. कंपनी बदलली की लेव्हल हलते. इकडे त्या दोन दिवसांत येत नाहीत, आणि दिवाळीत तर ट्रान्सपोर्टच बंद असतं.